प्रवासाची मोटारसायकल: कोणता प्रकार घ्यावा?

शाळेच्या वार्षिकांत मोटारसायकलीवर लेख पाहून आमच्या कांहीं वाचकांस आश्चर्य वाटेल. निबंधाचे विषय म्हटले म्हणजे सदाचार, वेळेचें महत्त्व, वाचनाचे फायदे असे असावयाचे. त्यांत ही फटफटी कोठून शिरली, असें ते विचारतील. परंतु ज्या विषयावर आमचे विद्यार्थी मधल्या सुटींत घंटा होईपर्यंत वाद घालतात, ज्यापायीं शाळा सोडलेले तरुण पहिल्या नोकरीच्या पगारावर तीन तीन वर्षांचे हप्ते लादून घेतात, आणि ज्याचा निर्णय चुकला असतां एखाद्या घराची कायमची हानि होते, तो विषय शिक्षकांनीं टाळावा असें आम्हांस वाटत नाहीं. शिवाय योग्य निवड करणें ही एक विद्याच आहे, आणि ती गणित-शास्त्राइतकीच शिकण्यासारखी आहे.

सन २०२५ च्या दिवाळीच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी घरीं आला. सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतील एका कारखान्यांत तो कामास आहे. सुटीच्या दिवशीं गाडीवर बसून दूर जावें, गड पाहावे, घाट पाहावे, असा त्याचा छंद आहे, व तो निर्मळ छंद आहे. त्यानें दोन छापील पत्रकें मेजावर ठेविलीं आणि म्हणाला, “सर, बजाजची डॉमिनार घ्यावयाची हें ठरलें. आतां चारशें कीं अडीचशें, एवढेंच तुम्ही सांगा.” आम्हीं त्यास आठ दिवसांनीं येण्यास सांगितलें. मधल्या दिवसांत आम्हीं जो विचार केला तो येथें मांडतों. कारण तोच प्रश्न पुष्कळांच्या मनांत आहे असा आमचा अनुभव आहे.

डॉमिनार ही आपल्या वाटेवरचीच गाडी आहे. नाशिकहून पुण्यास जातांना सिन्नर, संगमनेर, नारायणगांव मागें टाकून आपण ज्या चाकणास पोहोंचतों, तेथील बजाज कंपनीच्या कारखान्यांत ती तयार होऊं लागली. डिसेंबर २०१६ मध्यें चारशें हा प्रकार बाजारांत आला. मार्च २०२० मध्यें त्याचें धाकटें भावंड अडीचशें आलें. लांब पल्ल्याच्या प्रवासाची गाडी म्हणूनच दोहोंचा लौकिक झाला. ऑक्टोबर २०२१ पासून तर वारा अडविणारी उंच कांच, हँडगार्ड, इंजिनाखालचा संरक्षक पत्रा, सामानाचा कॅरिअर, मागें बसणाऱ्याच्या पाठीस टेकू, असा प्रवासाचा सरंजाम कारखान्यांतूनच चारशेंवर चढवून मिळूं लागला.

आतां दोहोंतील फरक पाहूं. चारशेंचें इंजिन प्रत्यक्षांत ३७३.३ सीसीचें, अडीचशेंचें २४८.८ सीसीचें. पहिलें ४० अश्वशक्तीचें, दुसरें २७ अश्वशक्तीचें. पहिली गाडी १९३ किलो वजनाची, दुसरी १८० किलोची. पुढच्या चाकाच्या ब्रेकची डिस्क एकीची ३२० मिलिमीटर व्यासाची, दुसरीची ३०० मिलिमीटरची. मागचा टायर एकीचा १५० मिलिमीटर रुंद, दुसरीचा १३० मिलिमीटर. पेट्रोलची टाकी मात्र दोहोंची १३ लिटरची, बैठकीची उंची दोहोंची ८०० मिलिमीटर, आणि चाक जाम होऊं न देणारी एबीएस नांवाची योजना दोहोंसही दोन्ही चाकांवर आहे. जुलै २०२५ मध्यें दोन्ही गाड्यांत कांहीं सुधारणा झाल्या, तेव्हां दिल्लीची शोरूम किंमत अडीचशेंची सुमारें १ लाख ९२ हजार व चारशेंची सुमारें २ लाख ३९ हजार रुपये होती. म्हणजे अंतर ४७ हजारांचें.

कोणत्याही वस्तूचे दोन प्रकार समोर आले म्हणजे आमचा पहिला प्रश्न असा असतो कीं, जास्तीचा पैसा वस्तूच्या कोणत्या भागांत जातो? याचीं दोन उदाहरणें देतों.

२०१६ सालीं डॉमिनार चारशें आली तीच मुळीं दोन प्रकारांत आली. एबीएस नसलेली १ लाख ३६ हजारांस, आणि एबीएस असलेली दीड लाखास. या १४ हजारांत मनुष्यास काय मिळत होतें? चाकाजवळ बसविलेलें एक लहानसें यंत्र चाकाच्या फिरण्याचा वेग सतत मोजीत असतें. भीतीनें ब्रेक जोरांत दाबला जाऊन चाक थांबूं व घसरूं लागलें, तर ही योजना ब्रेकचा दाब एका सेकंदांत अनेक वेळां सोडते व पुन्हा धरते. त्यामुळें चाक फिरतें राहतें, आणि गाडी वळविण्याची सत्ता चालविणाऱ्याच्या हातीं राहते. इगतपुरीच्या पावसांत ज्यानें गाडी चालविली आहे त्यास या सत्तेची किंमत समजावून सांगावयास नको. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील सर्व नव्या मोटारसायकलींस कायद्यानेंच ही योजना सक्तीची केली, आणि तो विकल्प संपला. संपला हें योग्यच झालें.

दुसरें उदाहरण २०२३ सालचें. त्या वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत गोव्यांत रॉयल एनफील्ड कंपनीनें आपल्या नव्या हिमालयन ४५० गाडीच्या किंमती जाहीर केल्या. सर्वांत स्वस्त प्रकार काझा ब्राऊन रंगाचा, २ लाख ६९ हजारांस; सर्वांत महाग हान्ले ब्लॅक रंगाचा, २ लाख ८४ हजारांस. काझा हें स्पितीच्या खोऱ्यांतील गांव व हान्ले हें लडाखमधील. हीं नांवें नुसतीं ऐकतांच तरुणांचें चित्त बर्फाच्या पहाडांत जाऊन बसतें. परंतु इंजिन तेंच ४५२ सीसीचें, ब्रेक तेच, सांगाडा तोच. या दोन टोकांमधले १५ हजार रुपये रंगाचे व नांवाचे.

एकीकडे १४ हजार, दुसरीकडे १५ हजार. रक्कम जवळ जवळ सारखीच. एका ठिकाणीं तिनें प्राण वांचण्याचा संभव वाढतो, दुसऱ्या ठिकाणीं डोळा सुखावतो. डोळ्याच्या सुखाचा आम्ही द्वेष करीत नाहीं. ज्याच्याजवळ पैसा आहे त्यानें हवा तो रंग घ्यावा. पण ज्यास दोहोंपैकीं एकच परवडतें, त्यानें आधीं काय घ्यावें याविषयीं संशय नसावा.

हें आम्ही केवळ पुस्तकी ज्ञानावरून लिहीत नाहीं. वीसेक वर्षांपूर्वीं, नव्या नोकरीच्या उमेदींत, आम्हीं एक मोटारसायकल घेतली. तिचेही दोन प्रकार होते. एकास पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक, दुसऱ्यास जुन्या धाटणीचा ड्रम ब्रेक. आम्हीं ड्रमची घेतली, आणि वांचलेल्या पैशांत क्रोमचे चकचकीत आरसे व बैठकीचें उंची आवरण चढविलें. फाटकांतून आंत शिरतांना मुलें वळून पाहत, आणि आम्हांस धन्यता वाटे. पुढें जुलै महिन्यांत एका शनिवारीं मित्रास मागें बसवून आम्ही भंडारदऱ्याकडे निघालों. घोटी मागें टाकल्यावर भर पावसांत एक ट्रॅक्टर शेतांतून एकाएकीं रस्त्यावर आला. पुढचा ब्रेक दाबला, तर पाणी शिरलेला ड्रम धरीना. घाबरून मागचा ब्रेक सर्व शक्तीनें दाबला, तों मागचें चाक घसरलें व आम्ही दोघेही रस्त्यावर आडवे झालों. आम्हांस खरचटण्यापलीकडे इजा झाली नाहीं. मित्राचा पाय गाडीखालीं सांपडून नडगीचें हाड मोडलें. चार महिने तो अंथरुणावर होता. त्यानें आम्हांस एका शब्दानेंही दोष दिला नाहीं. पण अद्यापि पावसाळा लागला कीं त्याची चाल किंचित् लंगडी होते, आणि ती पाहतांना आमची मान खालीं जाते. डिस्क असती तर अपघात टळलाच असता, असें आम्ही शपथेवर सांगणार नाहीं. एवढेंच सांगतों कीं, निवडीच्या दिवशीं आमच्यापुढें ब्रेक व आरसे हे दोन्ही होते, आणि आम्हीं आरसे निवडले.

असो. आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. चारशें व अडीचशें यांतील अंतर रंगाचें नाहीं, हें उघड आहे. इंजिन, टायर, ब्रेक हीं सर्व खरोखरीच मोठीं आहेत. म्हणून येथें दुसरा प्रश्न विचारावा लागतो. ही जास्तीची शक्ति आपण कोठें खर्च करणार?

नाशिककरास याचें उत्तर नकाशावरच सांपडेल. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटर लांबीचा आहे; त्याचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरांचा शेवटचा भाग ५ जून २०२५ रोजीं खुला झाला, व मोटारगाड्यांस मुंबई जवळ झाली. परंतु त्या रस्त्यावर दुचाकीस प्रवेश नाहीं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरही नाहीं. म्हणजे मुंबईस जावयाचें तर मोटारसायकलवाल्यानें पूर्वीप्रमाणें कसारा घाटच उतरावयाचा. बाकीचे आमचे आवडते रस्ते कोणते? त्र्यंबक, हरसूल, वणी, सापुतारा, भंडारदरा. हे सर्व रस्ते वळणांचे. वाटेवर गांवें, गुरें, शाळेंतून घरीं परतणारीं मुलें, आणि हंगामांत द्राक्षांचे व कांद्यांचे ट्रॅक्टर. २०१८ सालीं केंद्र सरकारनें दुचाकीच्या वेगाची मर्यादा ठरविली ती चौपदरी महामार्गावर ताशीं ८० किलोमीटर व इतर साधारण रस्त्यांवर ताशीं ६० किलोमीटर. अडीचशें ही मर्यादा सहज ओलांडते. चारशें ती अधिक लवकर ओलांडते, एवढाच विशेष. ज्या वेगास कायद्याची संमति नाहीं व ज्या रस्त्यावर प्रवेशच नाहीं, त्यांसाठीं आगाऊ पैसे भरून ठेवण्यांत शहाणपण कोणतें?

वेगाचा हिशेब शास्त्राच्या तासाला शिकलेल्या मुलांस अवघड नाहीं. वेग दुप्पट झाला असतां गतिज ऊर्जा चौपट होते. ताशीं ८० वरून १०० वर गेलों तर वेग सवापट होतो, परंतु ब्रेकला जी ऊर्जा जिरवावी लागते ती दीडपटीहून अधिक होते. ताशीं ८० च्या वेगांत गाडी एका सेकंदांत २२ मीटर पुढें जाते, आणि संकट दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत तेवढा सेकंद जातोच. २०२२ सालीं भारतांत रस्त्यांवरील अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसें मृत्यु पावलीं, आणि त्यांत शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. हा आंकडा वाचून दुचाकीच सोडावी असें आम्ही म्हणत नाहीं. तो वाचून आपल्या इच्छेस थोडा लगाम घालावा, एवढें मात्र म्हणतों.

चारशेंच्या बाजूनेंही जें खरें आहे तें सांगितलें पाहिजे. मागें एक माणूस, दोन्ही अंगांस सामानाच्या पिशव्या, समोरून वारा, आणि चढावर लांबलचक ट्रक ओलांडावयाचा, अशा प्रसंगीं मोठें इंजिन दमत नाहीं. त्याच वेगांत तें कमी शिणतें, व चालविणाराही कमी शिणतो. रुंद टायर व मोठी डिस्क भरलेली गाडी अधिक निश्चिंतपणें थांबवितात. ज्याचा प्रवास नेहमींच दोघांचा, सामानासह, एका दिवसांत चारशें-पांचशें किलोमीटरांचा आहे, त्यानें चारशें घेतली तर ती चैन म्हणतां येणार नाहीं. परंतु अशा प्रवाशांची संख्या आपण कल्पितों त्याहून थोडी असते. पुष्कळ जण वर्षांतून एकदां लडाखास जाण्याचें स्वप्न पाहून गाडी घेतात, व ती गाडी वर्षभर सातपूर ते पंचवटी एवढाच प्रवास करते. एका दिवसाच्या स्वप्नासाठीं उरलेल्या दिवसांचें ओझें कां वाहावें?

शिवाय २७ अश्वशक्ति म्हणजे थोडी नव्हे. गांवोगांव धांवणारी स्प्लेंडर सुमारें ८ अश्वशक्तीची आहे, आणि तिच्यावर लोक दूरदूरचे प्रवास करून सुखरूप परत येतात. १९७२ सालीं आलेल्या चेतक स्कूटरवर आपल्या वडिलांच्या पिढीनें सारा संसार हांकला. दोन मुलें पुढें उभीं करून केलेल्या त्या प्रवासाचें अनुकरण कोणी करूं नये. सांगावयाचें एवढेंच कीं, प्रवासास लागणारी शक्ति जाहिराती म्हणतात त्याहून पुष्कळ कमी असते. आणि वजनाचें काय? १३ किलोंचा फरक चालत्या गाडीवर जाणवत नाहीं. परंतु चिखलांत रुतलेली गाडी मागें ओढतांना, किंवा उतारावरील अरुंद रस्त्यावर ती पायानें वळवून घेतांना, तो प्रत्येक किलो आपली ओळख पटवून देतो.

आतां पैशाकडे पाहूं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलीवरील वस्तु व सेवा कर शेंकडा २८ चा १८ झाला, आणि त्याहून मोठ्या इंजिनावर उपकरासह शेंकडा ३१ होता तो ४० झाला. दोन वर्गांतील कराचें अंतर ३ होतें तें २२ वर गेलें. सक्तीच्या विम्याचेंही तसेंच आहे. २०२२ सालीं ठरलेल्या दरांप्रमाणें ३५० सीसीपर्यंतच्या वर्गास वर्षाला १,३६६ रुपये, व त्यावरील वर्गास २,८०४ रुपये, म्हणजे दुपटीहून अधिक. मोठी गाडी एकदांच महाग पडते असें नाहीं. ती दर वर्षीं थोडी थोडी महाग पडत जाते.

उलट त्या वांचलेल्या ४७ हजारांत काय काय येतें तें पाहा. दोन उत्तम हेल्मेटें, खांदा व कोपर राखणारें जाकीट, हातमोजे, घोटे झांकणारे बूट, चांगला रेनकोट, हें सर्व घेऊनही पैसे उरतात. पेट्रोल लिटरला शंभराहून कांहीं रुपये अधिक, आणि एका लिटरांत ३० किलोमीटर असा हिशेब धरला, तर ३,००० किलोमीटरांस १०० लिटर, म्हणजे दहा-अकरा हजार रुपये लागतात. म्हणजे कोंकणकिनाऱ्यानें गोव्यास जाऊन परत येणें एकाहून अधिक वेळां होईल. प्रवासाची गाडी घेऊन प्रवासासच पैसा उरूं नये, याहून विपरीत तें काय? हप्ते भरण्यासाठीं रविवारींही जादा पाळी करणारे, आणि फडक्यानें झांकलेल्या गाडीकडे पाहत कामास जाणारे तरुण आम्हीं पाहिले आहेत.

तेव्हां आमचें मत असें आहे. जो बहुधा एकटा प्रवास करतो, ज्याचे रस्ते नाशिकच्या सभोंवारच्या घाटांचे आहेत, आणि ज्यास पगारांतून हप्ता भरावयाचा आहे, त्यानें अडीचशें घ्यावी. ज्याचा जोडीदार नेहमीं बरोबर असतो व ज्यास कर्जावांचून पैसा देतां येतो, त्यानें चारशेंचा विचार करावा. हाच नियम इतर गाड्यांस लावावा. ब्रेक, टायर व बैठकीची उंची यांत काटकसर करूं नये. रंग, नांव व न वापरली जाणारी शक्ति यांत अवश्य करावी. आणि निर्णयापूर्वीं दोन्ही गाड्या मागें माणूस बसवून चालवून पाहाव्यात, थांबवून पाहाव्यात, हातानें ढकलून पाहाव्यात. पत्रकावर दोन्ही सारख्याच देखण्या दिसतात.

येथें आमच्या सध्यांच्या विद्यार्थ्यांस एक गोष्ट बजावून सांगणें अवश्य आहे. गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाचीं १८ वर्षें पूर्ण व्हावीं लागतात. २०१९ सालच्या दुरुस्तीनें अल्पवयी मुलाच्या अपराधाबद्दल पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५ हजार रुपये दंड होऊं शकतो. तुमच्या हौसेसाठीं वडिलांस न्यायालयांत उभें करूं नका. तोंवर सायकल आहे, आणि गंगापूर धरणापर्यंतचा रस्ता सायकलीवरूनच अधिक चांगला दिसतो.

आठवा दिवस आला तेव्हां आमचा विद्यार्थी एक वही घेऊन आला. मागच्या वर्षींचे आपले सर्व प्रवास आठवून त्यानें तारखेवार लिहून काढले होते. बहुतेक एकट्याचे होते. दोन प्रसंगीं मात्र आई मागें बसली होती. आम्हीं आमचें मत सांगितलें, आणि घोटीपुढची ती हकीकतही सांगितली, जी आम्हीं विद्यार्थ्यांस पूर्वीं कधीं सांगितली नव्हती. तो कांहीं वेळ गप्प बसला, मग वही मिटून गेला.

पुढें महिन्याभरानें तो नवी गाडी दाखवावयास आला. अडीचशेंच घेतली होती. डॉमिनार या स्पॅनिश शब्दाचा अर्थ अंमल गाजविणें असा आहे, हें त्यास सांगतांच तो हंसून म्हणाला, “सर, हप्त्यांनीं माझ्यावर गाजवूं नये म्हणून धाकटी घेतली.” आमची दृष्टि मात्र गाडीच्या मागच्या बाजूस गेली होती. तेथें कॅरिअरला एक दुसरें हेल्मेट बांधलेलें होतें, लहान आकाराचें, नवें कोरें. तें कोणासाठीं, हें आम्हांस विचारावें लागलें नाहीं.